कंदील बिल्डिंगचा पिस्ता रंग

शपथ घेऊन सांगते! अशी-तशी नाही, गळ्याला चिमटा घेऊन, तुळशीला हात लावून, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या नव्या कवळीची शपथ, जिच्यावाचून मला चकली खाता येत नाही. यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं आत्ताच उठावं. चपला दाराशीच आहेत.

तर दस्तगीर शिकलगाराची गोष्ट.

हा दस्तगीर धार लावायचा. कात्र्या, वस्तरे, अडकित्ते, विळ्या, जे बोथट असेल ते. आणि धार म्हणजे कशी? एका शिंप्यानं त्याच्याकडनं कात्री नेली आणि रस्त्यानं जाता जाता उन्हात सहज उघडमीट केली, तर त्याच्याच सावलीचा खांदा कापला गेला. पुढं महिनाभर त्या शिंप्याची सावली एका बाजूनं आखूड पडायची. नखं वाढतात तशी मग हळूहळू वाढून आली. आणि त्याच्या वस्तऱ्यानं दाढी केलेल्या माणसाची दाढी पुढं आठवडाभर वर यायला धजायची नाही. न्हाव्यांनी शेवटी हात जोडले, म्हणाले, दस्तगीरमियाँ, जरा कमी लावा, गिऱ्हाईक परत येत नाही.

त्याचं दुकान होतं कंदील बिल्डिंगमध्ये. रविवार पेठेच्या पोटात, भांड्यांच्या दुकानांच्या मागं. शंभरावर वर्षांची इमारत. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्याच्या भिंती, पुढं सागवानी खांब आणि त्यावर टेकलेली गॅलरी. कोणे एके काळी तिथं कंदिलांचा ठोक व्यापार चालायचा म्हणून ते नाव. वीज आली, कंदील गेले, नाव राहिलं. वरच्या मजल्यावर कबुतरं राहायची. खाली सात गाळे, त्यातले चार बंद. उरलेल्या तिनांत हे तिघं.

एक दस्तगीर. दुसरे शांतवन हिवाळे, बुकबाइंडर. वकिलांचे ठोकळे, चर्चची गीतांची पुस्तकं, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, सगळ्यांना पाठ घालून द्यायचे. त्यांना सगळी पेठ मामा म्हणायची. तिसरे हकिमुद्दीनभाई बोहरी, बिजागऱ्या, कड्या, खिळे आणि रंगाचे डबे विकणारे. तिघांचे सण वेगवेगळे, त्यामुळे कंदील बिल्डिंग कधी पूर्ण बंद म्हणून नसायची.

तिघांचे आजे इथं आले त्याला कारण होतं. पेठेत दुसरीकडं कुठं जागा मागितली की मालक आधी आडनाव विचारायचा, आणि आडनाव ऐकलं की जागा नेमकी कालच दिलेली असायची. कंदीलवाल्या शेठनं काही विचारलं नाही. भाडं वेळेवर द्या म्हणाला, बस. आता नातवांची पाळी. मधे दस्तगीरनं चौकशी करून पाहिली होती. कारण बिल्डिंग पुढं झुकली होती, गॅलरीला बांबूचे टेकू होते आणि दारावर धोकादायक म्हणून नोटीस लागली होती. पाच ठिकाणी गेला. "आडनाव काय म्हणालात?" "शिकलगार." "अरेरे, कालच दिली हो." पाचही ठिकाणी कालच. पुण्यात जागा द्यायचा तो एकच दिवस असावा.

मालकाचा पणतू विश्वजीत. पोरगं वाईट नव्हतं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, वाकून नमस्कार करायचा, आणि म्हणायचा, "काका, बिल्डिंग पाडून नवीन करतोय. तुम्हा तिघांना धायरीला गाळे देतो. नवे कोरे. टॉयलेटसकट."

"धायरीला कात्री कोण घेऊन येणार, बाबा?" दस्तगीर म्हणायचा. "माझे शिंपी इथं. न्हावी इथं."

"तिथं पब्लिक वाढतंय, काका."

"पब्लिक वाढतंय. त्यांच्या कात्र्या घरपोच येतात."

अशात एक दिवस निकिता आली. सव्वीस-सत्तावीसची, पाठीवर सॅक, पायात बूट, केसांत पेन्सिल खोचलेली. जुन्या बाजारपेठा दुरुस्त करून देणारी कुठलीशी संस्था होती, तिच्यातली. ती इमारतीपुढं उभी राहिली ती अर्धा तास हललीच नाही. बघत होती दस्तगीरच्या गाळ्यावरची भिंत. तिथं चुन्यावर त्याच्या आज्यानं रंगाऱ्याकडून लिहून घेतलं होतं, 'उस्मान दावल शिकलगार. येथे वस्तरे, कात्र्या, अडकित्ते यांस धार लावून मिळेल.' तेच खाली उर्दूत, तेच इंग्रजीत, आणि शेजारी एक हाताएवढी कात्री रंगवलेली. सगळं धुरानं काळवंडलेलं, पोपडे धरलेलं, कबुतरांनी नटवलेलं.

दस्तगीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी नेमकी तिथंच बघतेय!

"लई खराब झालंय ओ ताई," तो म्हणाला. "लाज वाटती."

"नाही नाही काका, भारी आहे!" ती म्हणाली, आणि फोटो काढत सुटली.

मग तिनं तिघांना बसवून समजावलं. त्यांची संस्था दर वर्षी अशा इमारतींची यादी काढते. यादीत नाव लागलं की दुरुस्ती संस्था करते. चुना, सागवान, जुन्या पद्धतीनं. इमारत मग पाडता येत नाही आणि आतले दुकानदार जागचे हलत नाहीत, तसा मालकाशी करारच होतो. विश्वजीतनंही मान्य केलं होतं, यादीत आलं तर आपला खर्च वाचला म्हणून. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता समितीची तीन माणसं येऊन बघून जातील. मग ठरेल.

"आम्ही काय करायचं?" शांतवनमामांनी विचारलं.

"काही करू नका," निकिता म्हणाली. "प्लीज. अगदी काही करू नका हं. आहे तसं राहू द्या. चहापाणी पण नको."

आता इथं थांबा आणि नीट ऐका, कारण सगळं पाणी इथंच मुरलं.

ही निकिता सदाशिव पेठेतली. तिच्या घरी पाहुणा 'काही करू नका' म्हणाला की घरातले लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि खरोखरच काही करत नाहीत. तिला वाटलं, सगळीकडं असंच असतं. पण दस्तगीरच्या घरी, शांतवनमामांच्या घरी, हकिमुद्दीनभाईंच्या घरी, पाहुण्यानं 'काही करू नका' म्हणायचं ते म्हणायचंच असतं. आणि ते ऐकून जो खरंच हातावर हात ठेवून बसला, त्याच्या उंबऱ्याला परत कोणी पाय लावत नाही.

दस्तगीर घरी गेला तर त्याची बायको खैरून म्हणाली, "काही करू नका म्हणाली?"

"म्हणाली."

"किती वेळा?"

दस्तगीरनं बोटं मोजली. "दोनदा. आणि चहा नको म्हणाली ते वेगळं."

"म्हणजे तीनदा!" खैरूननं कपाळावर हात मारला. "अहो, एकदा म्हणलं असतं तर बिस्किटं चालली असती. दोनदाला शिरखुर्मा. तीनदा म्हणजे घरच रंगवायला पाहिजे!"

शुक्रवारी सकाळी तिघं बाकड्यावर बसले. शांतवनमामा म्हणाले, "बिशप येणार म्हटलं की आम्ही आधी भिंतीला हात देतो. देवाचं नंतर बघतो." हकिमुद्दीनभाईंनी आत जाऊन दोन डबे आणले. "पिस्ता. ऑइल पेंट. एका गिऱ्हाइकानं मुद्दाम बनवून घेतला अन् घ्यायला आलाच नाय. समजा आपल्यासाठीच थांबला होता." आणि खांबांना लावायला एक चॉकलेटी.

"लाकूड तसंच राहू द्यायचं का?" मामांनी विचारलं.

"सागवान हाय म्हणून काय उघडं ठेवायचं?" हकिमुद्दीनभाई म्हणाले. "पावण्यासमोर?"

चार दिवस तिघं म्हातारे शिडीवर. साठीच्या अलीकडचा एकही नाही. शांतवनमामांना चक्कर यायची, तर ते शिडी धरायचे आणि खालून चुका सांगायचे. मी सांगते तुम्हाला, असा रंग दिला, असा रंग दिला, की दुसऱ्या दिवशी दोन पोपट येऊन भिंतीला धडकले. आपलीच जात समजून.

आज्याच्या अक्षरांवर पहिला हात दिला तर अक्षरं आतून वर आली. हिरव्याखाली काळं दिसायला लागलं. 'उस्मान' स्पष्ट वाचता येत होतं. दस्तगीरचा ब्रश थांबला.

"काय झालं?" खैरूननं खालून विचारलं. ती डबा घेऊन आली होती.

"आजोबा दिसतायत."

"दुसरा हात द्या. नंतर नवीन लिहून घेऊ. रेडियमचं. रात्रीचं पण दिसेल."

दस्तगीरनं दुसरा हात दिला. आजोबा दिसायचे थांबले.

वर एक फ्लेक्सही लावला. 'समितीचे हार्दिक स्वागत', खाली तिघांचे फोटो. शांतवनमामा गॉगलमध्ये, कारण दुसरा फोटो नव्हता.

बुधवारी सकाळी निकिता मापं घ्यायला आली. कोपऱ्यावरून वळली आणि जागच्या जागी उभी राहिली. पाठीवरची सॅक घसरून कोपरापर्यंत आली तरी तिला कळलं नाही.

दस्तगीर हसत पुढं गेला. "या ताई, या! कसं वाटतंय?"

"काका," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "ती अक्षरं?"

"झाकली! आता काय कुणाला दिसत नाही."

ती पायरीवर बसली. पायरीलाही दिलेला चॉकलेटी रंग ओला होता, तो तिच्या पँटला लागला, तेही तिला कळलं नाही.

"काका, मी म्हटलं होतं ना. काही करू नका."

"म्हणाला होता की ताई," दस्तगीर म्हणाला. "म्हणून तर केलं."

ती त्याच्याकडं बघत राहिली, तो तिच्याकडं. दोघंही मराठीच बोलत होते हो. पण मधे नदी होती, आणि पूल कुठल्या बाजूनं बांधायचा ते दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

मग तिनं सांगितलं. दगड-लाकडाच्या अशा इमारती पेठांमध्ये वीस तरी आहेत. यंदा यादीत जागा आहे एकीला. कंदील बिल्डिंग सगळ्यांच्या पुढं होती ती त्या अक्षरांमुळं. तीन लिपींमधली, हातानं लिहिलेली, त्याच घराण्याच्या दुकानावर, आणि खाली तोच धंदा अजून चालू. असं शहरात दुसरं नाही. आणि चुन्यावर ऑइल पेंट म्हणजे भिंतीच्या तोंडावर उशी दाबल्यासारखं. चुना श्वास घेतो.

"भिंत श्वास घेती?" शांतवनमामांनी टोपी काढली.

"मग काढून टाकतो," दस्तगीर म्हणाला. "एवढंच ना? उद्या अकराला येणार. आत्ता कुठं नऊ वाजलेत."

"नाही!" निकिता उठलीच. "काका, हात लावू नका. ते काढणारी माणसं वेगळी असतात, त्याला महिने लागतात. मी फोन करते, बघते काही होतं का. पण तुम्ही आता खरंच हात लावू नका. प्लीज." आणि फोन कानाला लावून ती गल्लीच्या बाहेर गेली. मागनं पँटवर चॉकलेटी पट्टा.

खैरून पदराला हात पुसत म्हणाली, "आता ही खरं म्हणाली का तसंच?"

दस्तगीरला सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'नको' या शब्दाचा भाव कळेना. तो बाकड्यावर बसला. अर्धा तास बसला. गुडघ्यांवर हात ठेवले, तर हात ऐकेनात. पन्नास वर्षं लोकांनी जे बिघडलं ते त्याच्यापुढं ठेवलं होतं आणि त्यानं ते नीट करून परत दिलं होतं. आता त्याचं स्वतःचं बिघडलं होतं, डोक्यावर पाच हातांवर होतं, आणि त्यानं नुसतं बसायचं?

दुपारी त्यानं आतून आज्याचा वस्तरा काढला. हस्तिदंती मुठीचा. तो वस्तरा कधी विकायचा नाही, वापरायचा नाही, फक्त वर्षातून एकदा धार द्यायची, असा घरचा रिवाज. दस्तगीरनं चाक फिरवलं आणि त्या पात्याला अशी धार दिली, अशी, की शेजारच्या गाळ्यातल्या मामांच्या हातातल्या जाड पुस्तकाची पानं नुसत्या वाऱ्यानं सुटी झाली. पुन्हा शपथ घेऊ? मामांनाच विचारा.

"दस्तगीरभाई, रहने दो," हकिमुद्दीनभाई म्हणाले. "पोरगी नको म्हणाली."

"फक्त एक अक्षर बघतो."

शिडी लावली. मामांनी धरली. दस्तगीरनं पातं आडवं करून 'उ'च्या कडेला लावलं आणि सफरचंदाची साल काढतात तसं अल्लाद सरकवलं. पिस्त्याची साल सुटली. एकसंध, न तुटता, पापडासारखी. खाली स्वच्छ, पांढरा, नितळ चुना.

"निघाला!" दस्तगीर ओरडला. "रंग निघाला, मामा!"

"अक्षर दिसतंय का?" मामांनी खालून विचारलं.

दस्तगीरनं बघितलं. चुना पांढरा. नुसता पांढरा. त्यानं साल उलटी केली. सालीच्या पाठीला 'उ' चिकटलेला होता. काळा, ठसठशीत, आरशात दिसतो तसा.

त्याला वाटलं आपलंच पातं खोल गेलं. खाली उतरून त्यानं आणखी बारीक धार दिली. 'स्मा' काढला. तोही सालीबरोबर आला. आणखी बारीक. 'न'. अक्षरं शंभर वर्षांची, त्यांचा चुन्यावरचा जीव कधीच संपलेला. ती नव्या रंगाला जाऊन बिलगली होती. धार जितकी चांगली तितकी साल सुबक निघायची, आणि तितकं अक्षर पूर्ण यायचं. कमी धारेचं पातं असतं तर निदान अर्धंमुर्धं खाली राहिलं असतं. पण कमी धार दस्तगीरला येत नव्हती.

'दावल'पर्यंत येऊन तो थांबला. थांबला म्हणजे हात थांबला. खाली मामा विचारत होते, "काय झालं? दस्तगीर? काय झालं?" आणि तो शिडीवर उभा, हातात आज्याचं नाव उलटं धरून.

गुरुवारी अकराला तीन माणसं आली. अकराला म्हणजे अकराला, एक मिनिट इकडं-तिकडं नाही. प्रमुख होते रंगनाथ म्हणून, निवृत्त आर्किटेक्ट, पांढरे केस, बोलणं अगदी मऊ. निकिता मागं उभी, डोळे सुजलेले. खैरूननं बाकड्यावर चादर घातली होती आणि त्यावर शिरखुर्मा, सामोसे, शांतवनमामांच्या घरचा केक, हकिमुद्दीनभाईंकडचा मलिदा, सगळं मांडलं होतं.

"अहो, हे कशाला? काही करायचं नव्हतं," रंगनाथ म्हणाले.

खैरूननं दस्तगीरकडं बघितलं. बघा, असं.

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तिघांनी फिरून बघितलं, खांबांना हात लावला, बोटं चॉकलेटी झाली, रुमालाला पुसली. पिस्ता भिंतीत जिथं 'उस्मान दावल' होतं तिथं आता एक लांबट पांढरा चौकोन होता. रंगनाथ त्याच्याखाली बराच वेळ उभे राहिले.

मग दस्तगीर आत गेला आणि मिठाईचा खोका घेऊन आला. खोक्यात मलमलीच्या तुकड्यावर साली ओळीनं ठेवलेल्या.

"साहेब, अक्षरं गेली नाहीत," तो म्हणाला. "ही बघा. सगळी आहेत. उलटी आहेत, पण आहेत. एक काना पण तुटला नाही."

रंगनाथांनी चष्मा बदलला. खोका दोन्ही हातांनी धरला, लहान मूल धरतात तसा. "किती सुंदर काढलीयत," ते म्हणाले. आणि ते खरंच बोलत होते, तेच तर. "पन्नास वर्षांत असा हात पाहिला नाही."

"मग लावता येतील?"

"नाही."

"ताईंकडं फोटो आहेत. आधीचे."

"फोटो आहेत. पण आम्हाला फोटो दुरुस्त करता येत नाहीत हो." त्यांनी खोका परत दिला. "मूळ काही उरलं असतं, एक ओळ जरी, तरी मी भांडलो असतो. आता भांडायला माझ्या हातात काही नाही."

"पुढचं मराठी, खालची उर्दू आहे की अजून. रंगाखाली. इंग्रजी पण आहे."

"आहे. काढायला गेलं की अशीच येणार." त्यांनी चष्मा पुन्हा बदलला. "नका काढू."

हा 'नका' दस्तगीरला कळला. त्यानं मान हलवली. तिघांनी थोडा थोडा शिरखुर्मा घेतला, छान झालाय म्हणाले, आणि गेले. निकिता त्यांच्या मागोमाग गेली. तिनं आपल्या बाजूनं सगळं सांगितलं होतं. यांनी आपल्या बाजूनं सगळं केलं होतं.

पंधरा दिवसांनी यादी आली. शांतवनमामांच्या मोबाइलवर पीडीएफ. मामांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. पुस्तकं बांधणारा माणूस, त्याला वाटलं एखादं पान सुटलं असेल. नव्हतं सुटलं.

विश्वजीत आला, वाकून नमस्कार केला. "काका, मी तरी काय करणार?" म्हणाला. त्यालाही खरंच वाईट वाटत होतं. आख्ख्या गोष्टीत एक वाईट माणूस सापडेना, ज्याच्या नावानं बोटं मोडावीत.

शांतवनमामा लेकीकडं नगरला गेले. हकिमुद्दीनभाईंनी माल भावाला देऊन टाकला आणि दुकान बंदच केलं. दस्तगीर धायरीला गेला. कंदील बिल्डिंग पाडायला यंत्र आलं, तर तीन दिवस त्या भिंतीला त्याचे दात लागेनात. ऑपरेटर म्हणाला, ही भिंत मागं सरकते! चौथ्या दिवशी दस्तगीर जाऊन भिंतीला हात लावून काहीतरी पुटपुटला, आणि मग ती खाली बसली. पडली नाही, बसली. दमलेली बाई बसते तशी. धुळीचा लोट उठला तो लक्ष्मी रोडपर्यंत पिस्ता रंगाचा होता.

धायरीचा गाळा नवा कोरा. नंबर चौदा. पांढरं शटर, पांढरा ट्यूबलाइट, टॉयलेटसकट. एका बाजूला मोबाइलची कव्हरं, दुसऱ्या बाजूला केक. भिंतीला चिमूटभर पोपडा नाही. दस्तगीर सकाळी शटर वर करायचा, चाकाला तेल द्यायचा, आणि बसायचा. समोरच्या सोसायट्यांमधले लोक बोथट सुरी फेकून देत होते आणि नवी मागवत होते. मिठाईचा खोका चाकाच्या मागं फळीवर ठेवलेला. तो तो उघडायचा नाही. पण जागा बदलली तर त्याला कळायचं.

एक दिवस दुपारी निकिता आली. हो, तीच. बस बदलत बदलत, घाम पुसत. हातात पिशवी, पिशवीत अडकित्ता. पितळी, मोराच्या आकाराचा, घरातला जुना, पार बोथट. "एवढी धार लावून द्या," म्हणाली. दस्तगीरनं ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. चाक फिरवलं. ठिणग्या उडाल्या. असा अडकित्ता करून दिला की पिशवीतली सुपारी त्याला बघूनच दुभंगली.

मग दोघं बसली. इतक्या लांब आलेली, उन्हातनं आलेली, ती आपली रीतीप्रमाणं म्हणाली, "बसते जरा. चहाबिहा सांगू नका हं. अगदी काही करू नका."

दस्तगीरनं तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. शेजारीच चहावाला होता, नुसती हाक मारायची होती. पण त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले, आणि या वेळी हात ऐकले. त्यानं काही केलं नाही. चहा नाही, पाणी नाही, काही नाही. "बरं," म्हणाला, आणि शटरच्या बाहेर बघत बसला.

झाली गोष्ट. सावली खरी, पोपट खरे, भिंत मागं सरकली ती खरी. आता तुम्ही असे माझ्याकडं बघत बसलात म्हणून सांगते, एवढी एकच गोष्ट माझ्या पदरची. निकिता धायरीला आली नव्हती. ती कधीच आली नाही, बिचारीला तोंड नसेल दाखवायला. अडकित्ता माझा होता. मी गेले होते. 'काही करू नका' मी म्हणाले.

आणि मला चहा हवा होता हो.